काकूंच्या नावानं परवान्याला विरोध नको

पाळणाघरांना परवाना सक्तीचा करा, असं कुणी म्हटलं की उत्तर ठरलेलं असतं. आमच्या पेण-रामवाडी भागात ते इतक्या जणांकडून ऐकलं आहे की आता पाठ झालं आहे. ‘अहो, इथं कुठं मोठी पाळणाघरं आहेत? शेजारच्या काकू चार मुलं सांभाळतात, दोन पैसे मिळवतात, आयांची सोय होते. परवाना आला की आधी त्या काकू बंद करतील. मग कार्यालयाचे हेलपाटे, चिरीमिरी, आणि शेवटी उरतील ती कंपन्यांची महागडी डे-केअर. जे चाललंय ते विश्वासावर चाललंय, ते बिघडवू नका.’

असं म्हणणारी माणसं वाईट नाहीत. त्यांत नोकरी करणाऱ्या आया आहेत, शिक्षक आहेत, खुद्द काकूही आहेत. म्हणून त्यांचं म्हणणं झटकून टाकण्यात अर्थ नाही, त्याला उत्तर दिलं पाहिजे. ते म्हणणं चुकीचं आहे, आणि त्या चुकीची किंमत अशा मुलाला मोजावी लागते ज्याला अजून बोलताही येत नाही.

आधी आज काय स्थिती आहे ती पाहू. पेणमध्ये एखाद्या बाईनं घरी पापड लाटून विकायला सुरुवात केली तर तिला अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी करावी लागते, फी वर्षाला शंभर रुपये. रिक्षा चालवायची तर परवाना आणि बॅज लागतो. शाळेची बस चालवायची तर राज्याची 2011 ची स्वतंत्र नियमावली आहे, आणि तिच्यात वेगापासून बसमधल्या मदतनिसापर्यंत सगळं लिहिलेलं आहे. पण तीच बस दुपारी मुलाला ज्या पाळणाघराच्या दारात सोडते, त्या पाळणाघरासाठी महाराष्ट्रात स्वतंत्र परवाना कायदा नाही. दुकाने व आस्थापनांचा 2017 चा कायदा आहे, पण मोजकीच माणसं कामाला असतील तर त्यात नोंदणीही नको, ऑनलाइन सूचना दिली की काम झालं. म्हणजे दोन-तीन बायकांनी चालवलेलं पाळणाघर आणि वह्या-पेन्सिलींचं दुकान कायद्याच्या लेखी एकच.

निराधार मुलांच्या बालगृहाला बाल न्याय कायदा 2015 खाली नोंदणी बंधनकारक आहे. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगानं खासगी प्ले-स्कूलसाठी मार्गदर्शक नियम केले, ते तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी. राज्याच्या शालेय शिक्षण विभागानं 2025 मध्ये खासगी पूर्वप्राथमिक केंद्रांना पोर्टलवर माहिती भरायला सांगितली, तीही तीन वर्षांपासून पुढच्या मुलांची. ज्या वयात मूल सर्वांत असहाय असतं, म्हणजे सहा महिने ते तीन वर्षं, नेमकं तेच वय या सगळ्यातून सुटलं आहे.

हो, बाल न्याय कायद्याचं कलम 75 आहे. मूल सांभाळायला घेतलेल्या संस्थेतल्या माणसानं मुलाचा छळ केला तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड. पण ते कलम मार बसल्यावर कामाला येतं. मार बसण्याआधी त्या दारात कुणी जाऊन पाहावं, अशी कुणावरही जबाबदारी नाही.

आता विश्वासाकडे येऊ. आपल्याच जिल्ह्यात, खारघरमध्ये, नोव्हेंबर 2016 मध्ये दहा महिन्यांच्या एका मुलीला पाळणाघरातल्या बाईनं आपटलं, लाथा मारल्या. आईला मुलीच्या अंगावर वळ दिसले, ती डॉक्टरांकडे आणि पोलिसांकडे गेली, तेव्हा सीसीटीव्हीचं चित्रीकरण पाहिलं गेलं आणि सगळा महाराष्ट्र हादरला. त्या घटनेतली एक गोष्ट लोक विसरतात. तिथं कॅमेरा होता आणि तो चालूही होता. त्यानं मुलीला वाचवलं नाही, घडलं ते नोंदवून ठेवलं. कॅमेऱ्यासमोर कुणी बसलेलं नव्हतं आणि खोलीत त्या बाईला थांबवणारं दुसरं माणूस नव्हतं.

त्या पालकांचाही विश्वासच होता. विश्वास कशाच्या आधारावर ठेवायचा, हा माझा प्रश्न आहे. आई सकाळी दारात मूल देते, पिशवी देते, ‘रडली तर फोन करा’ म्हणते आणि गाडी गाठायला पळते. संध्याकाळी दारातूनच मूल घेते. मधल्या आठ-नऊ तासांबद्दल तिला जे कळतं ते सांभाळणारी सांगेल तेवढंच. मूल मोठं असेल तर रात्री जेवताना काहीतरी बोलेल. दहा महिन्यांचं बाळ काय सांगणार? ज्या व्यवहारात एका पक्षाला काहीच दिसत नाही आणि ज्याच्यावर सगळं बेततं त्याला बोलता येत नाही, तो व्यवहार केवळ विश्वासावर सोडणं म्हणजे आईला तिच्या मजबुरीवर सोडणं आहे.

या भागातलं एक घरगुती पाळणाघर मी जवळून पाहिलं आहे. दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत सतरंजी, छताच्या कडीला झोळी, स्वयंपाकघरात ओट्याखाली सिलिंडर. सांभाळणारी पन्नाशीची, मायाळू आणि कमालीची कष्टाळू. कोणत्या पोराला वरणभात मऊ लागतो, कोण कोणत्या दुपट्याशिवाय झोपत नाही, हे तिला तोंडपाठ. मदतीला येणारी मुलगी दुपारी निघून जाते. भर दुपारी तिथं अकरा मुलं होती आणि बाई एकटी. ती ओट्यापाशी डबे गरम करत होती, कारण एकाच वेळी पाच जणांना भूक लागली होती. झोळीतलं बाळ रडायला लागलं. तिनं आतूनच हाक मारली आणि सहा वर्षांच्या मुलीनं उठून बाळाच्या तोंडात दुधाची बाटली धरली. बाळ उताणं, डोकं खाली गेलेलं. तेवढ्यात खाली पाण्याची मोटर लावायची वेळ झाली. बाई ‘आलेच’ म्हणाली, पोरं जिन्यात पळू नयेत म्हणून दाराला बाहेरून कडी घातली आणि उतरली.

पाच मिनिटांत ती परत आली आणि काही झालं नाही. रोजच काही होत नाही. पण त्या पाच मिनिटांत दुधाचा घोट श्वासनलिकेत गेला असता तर? गॅस चालू राहिला असता तर? बाहेरून कडी घातलेल्या खोलीत अकरा मुलं, त्यांतली निम्मी न चालणारी. तिच्यावर माझा आरोप नाही. तिच्या जागी मी असते तर मीही कडीच घातली असती. एकटीनं अकरा मुलं सांभाळायची म्हटल्यावर दुसरं काय करणार? दोष आहे तो अकरा या आकड्याचा, आणि तो आकडा कुठंच लिहिलेला नाही. तिला कुणी सांगितलेलं नाही की एकटीनं इतकी घेऊ नयेत. बाराव्या मुलाची आई दारात आली तर ‘नाही’ म्हणायला तिच्याकडे कसलाही आधार नाही, कारण नाही म्हणणं म्हणजे एका गरजू बाईला परत पाठवणं.

परवाना म्हणजे माझ्या लेखी मुख्यतः हेच. या घरात जास्तीत जास्त किती मुलं, त्यांच्यामागे किती माणसं, आणि जबाबदार कोण, हे लिहून दारावर लावायचं.

यावर एक जण मला म्हणाले, ‘लिहून काय होतं? दिल्लीत परवाना होताच की.’ ते सांगत होते मे 2024 ची घटना. विवेक विहारमधल्या नवजात बालकांच्या खासगी रुग्णालयाला आग लागली आणि बाळं दगावली. चौकशीत निघालं की परवान्याची मुदत मार्चअखेर संपली होती आणि परवाना पाच खाटांचा असताना आत बारा बाळं होती. पण हे उदाहरण परवान्याच्या विरोधात जात नाही. पाच हा आकडा कुठंतरी लिहिलेला होता, म्हणूनच बारा हा गुन्हा ठरला. तो मोजायला वेळेत कुणी गेलं नाही, हा वेगळा आणि गंभीर दोष आहे, आणि त्यावर उपाय मोजायला माणूस पाठवणं हाच आहे. आकडा पुसून टाकल्यानं बारा बाळं सुरक्षित झाली नसती.

आणि हे फक्त खासगीचं दुखणं आहे असंही कुणी समजू नये. भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशु कक्षात 9 जानेवारी 2021 च्या पहाटे आग लागून दहा बाळं गेली. ते सरकारी रुग्णालय होतं. म्हणून जो नियम होईल तो सरकारच्या पाळणाघरांनाही तितक्याच कडकपणे लागू झाला पाहिजे. शासनानं स्वतःला वगळून केलेला नियम मला मान्य नाही.

‘पूर्वी कुठं होते परवाने? पोरं वाढलीच ना?’ हे दुसरं ठरलेलं वाक्य. हे बोलणाऱ्यांनी मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास वाचावा. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या बायका गिरणीत कामाला जायच्या तेव्हा तान्ह्या मुलांचं काय करायच्या? 1922 च्या सुमाराला मुंबई सरकारनं डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स यांना कामगार स्त्रियांची स्थिती पाहायला नेमलं. त्यांच्या पाहणीत निघालं की गिरणीत जाणाऱ्या बायकांच्या तान्ह्या मुलांपैकी 98 टक्के मुलांना अफू दिली जात होती. बाळगोळी द्यायची, मूल दिवसभर गुंगीत पडून राहायचं, संध्याकाळी आई परत यायची. त्या आया निर्दय नव्हत्या. त्यांना मूल ठेवायला जागा नव्हती. शाही कामगार आयोगानं 1931 च्या अहवालात गिरण्यांमध्ये पाळणाघरं हवीत असं म्हटलं, 1934 च्या कारखाना कायद्यात पन्नासहून अधिक बायका असतील तिथं मुलांसाठी खोली ठेवायला लावण्याचा अधिकार सरकारला मिळाला, 1948 च्या कायद्यानं कलम 48 खाली पाळणाघर बंधनकारक केलं, आणि 1976 मध्ये ती मर्यादा पन्नासवरून तीस बायकांवर आली. पूर्वी पोरं वाढली ती अशी. जी वाढली नाहीत त्यांची गोष्ट सांगायला कुणी उरलं नाही.

मूल औषधानं झोपवण्याचा मोह अजून संपलेला नाही. सर्दी-खोकल्याच्या सिरपनं पोरं सुस्तावतात हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा बाटलीवर छापायला केंद्रीय औषध नियंत्रकांनी 2023 च्या अखेरीस सांगितलं. आईच्या लेखी चिठ्ठीशिवाय पाळणाघरात एक थेंबही औषध द्यायचं नाही, एवढा साधा नियम करायला काय अडचण आहे? त्यासाठी ना इमारत लागते, ना पैसे.

कारखान्यांसाठी कायदा आहे म्हणून कुणी निवांत होऊ नये. रोह्याच्या धाटाव औद्योगिक वसाहतीतल्या रासायनिक कारखान्यांत एकेका ठिकाणी तीसपेक्षा जास्त बायका कितीशा असायच्या? पेणच्या आणि हमरापूर-जोह्याच्या गणपती कारखान्यांत तर कामाचा कणाच बायका आहेत. पॉलिश पेपरनं घासकाम, अस्तर, रंगकाम त्याच करतात, आणि हात बसलेली एखादी डोळ्यांची आखणीही करते. पण एका छपराखाली पाच-दहा जणी असतात, म्हणून कलम 48 त्यांच्यापर्यंत कधी पोचलंच नाही. आषाढ लागला की रात्रीची जादा पाळी सुरू होते आणि पोरं तिथंच, मूर्तींच्या फळ्यांखाली, प्लास्टरच्या धुळीत झोपतात. प्रसूती लाभ कायद्यात 2017 मध्ये पन्नास किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची तरतूद आली, सामाजिक सुरक्षा संहिता 2020 मध्येही पन्नासचाच आकडा राहिला. पाऊस संपला की पेण-रोह्याच्या वाड्यांमधून वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या कातकरी आयांना यातलं काहीच लागू होत नाही. म्हणजे या दोन तालुक्यांतल्या बहुतेक कामकरी बायकांसाठी पाळणाघर म्हणजे शेजारची काकूच. कायद्याचं सगळं बळ मोठ्या आस्थापनांकडे आणि मुलं मात्र काकूंकडे. म्हणून तर काकूंना कायद्याबाहेर ठेवून चालणार नाही.

‘अंगणवाड्या आहेत की,’ असंही म्हणतात. अंगणवाडीचा मला अभिमान आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला आणि पुढं कोसबाडला जे उभं केलं, त्यातून हा विचार देशभर गेला. पण हेच लक्षात घ्या की कोसबाडच्या विकासवाडीत बालवाडी आणि शाळेसोबत पाळणाघरही होतं, कारण धाकटं भावंड कडेवर असलेली मुलगी शाळेत येऊ शकत नाही हे त्या दोघींनी पाड्यावर जाऊन पाहिलं होतं. आपण त्यातली बालवाडी उचलली आणि पाळणाघर मागं ठेवलं. आजची अंगणवाडी काही तास चालते, तीन ते सहा वर्षांच्या मुलांना बसवते, आणि त्याखालच्या मुलांसाठी घरी न्यायचा आहार देते. दीड वर्षाच्या मुलाची आई त्या पाकिटाचं काय करणार, तिला तर कामावर जायचं आहे.

आता केंद्राच्या मिशन शक्तीमधली ‘पाळणा’ योजना आली आहे आणि राज्यानं 345 पाळणाघरांना मान्यता दिली आहे. स्वागतच आहे. पण राज्यात जिल्हे 36. सरासरी काढली तर जिल्ह्यामागे दहाही येत नाहीत, आणि एकट्या रायगडात तालुके पंधरा आहेत. शिवाय ही पाळणाघरं दिवसाला साडेसात तास चालायची. रामवाडीच्या एसटी आगारात पहाटेची ड्यूटी लागलेल्या महिला वाहकाला किंवा पेणहून पनवेलला जाऊन रात्री परतणारीला साडेसात तास पुरत नाहीत. सरकारी पाळणाघरं दहापट झाली तरी काकू लागणारच आहेत.

उरला मोठा आक्षेप, परवाना आला की काकू बंद करतील. हा आक्षेप मी सर्वांत गंभीरपणे घेते, कारण त्यात तथ्य आहे. इंग्लंडमध्ये घरी मुलं सांभाळणाऱ्या बायकांना नोंदणी आणि तपासणी सक्तीची आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत तिथल्या अशा नोंदणीकृत बायकांची संख्या निम्म्याच्या आसपास आली. कमी मिळकत हे एक कारण, कागदपत्रांचा बोजा हे दुसरं. हे नाकारून परवान्याची बाजू मांडणं अप्रामाणिकपणा होईल.

पण जर्मनीत वेगळा रस्ता घेतला गेला. तिथं पैसे घेऊन नियमितपणे दुसऱ्याची मुलं सांभाळणाऱ्या बाईला स्थानिक बालकल्याण कार्यालयाची परवानगी लागते, एका वेळी पाचच मुलं, आणि परवानगी पाच वर्षं चालते. बदल्यात ते कार्यालय तिच्या अपघात विम्याचा खर्च देतं आणि आरोग्य विम्याचा नि निवृत्तिवेतनाचा निम्मा हप्ता भरतं. म्हणजे परवाना घेतला की तिला काहीतरी मिळतं. आपल्याकडे परवाना म्हटलं की घेण्याचाच विचार होतो. परवाना घेणाऱ्या काकूला शासनानं अपघात विमा, पेणच्या उपजिल्हा रुग्णालयात प्रथमोपचाराचं प्रशिक्षण आणि मदतनिसाच्या पगाराचा काही वाटा दिला तर ती स्वतः रांगेत येऊन उभी राहील. काकू बंद पडतील ही भीती खरी करायची की खोटी, हे नियम कसा लिहिला जातो त्यावर आहे.

आणि नियम चुकीचे लिहिले जाण्याचा धोका आहेच. एखादी घटना गाजली की मागण्या सुरू होतात. प्रत्येक खोलीत सीसीटीव्ही, स्वतंत्र इमारत, खेळाचं मैदान, पदवीधर कर्मचारी. असा नियम झाला तर काकू खरोखर संपतील, आणि मुलं परवाना नसलेल्या, दार बंद केलेल्या खोल्यांत जातील. त्या दिवशी मी या आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूला उभी असेन. पण चुकीच्या नियमाची भीती दाखवून कुठलाच नियम नको म्हणणं, हे मला मान्य नाही.

मग योग्य नियम कोणता? चार मुलांपर्यंत सांभाळणाऱ्या घराला फक्त नोंद पुरे: नाव, पत्ता, मुलांची संख्या, आणि घरातल्या प्रौढ माणसांची पोलीस पडताळणी. पाचव्या मुलापासून परवाना, आणि त्यात पहिली अट अशी की मुलं घरात असताना दोन प्रौढ माणसं हजर हवीत, त्यांतली एक खाली मोटर लावायला गेली तरी दुसरी मुलांपाशी राहील. केंद्र सरकारच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक सेविका आणि सोबत मदतनीस सांगितली आहे. मला तर दहा जास्तच वाटतात. इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालच्या तीन बाळांमागे एक माणूस लागतं. आपण निदान पाचावर यावं. हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. घरात धूर भरला तर एका बाईच्या दोन हातांत दोन बाळं मावतात, तिसरं फार तर पाठीशी बांधता येईल. उरलेल्यांसाठी दुसरी फेरी मारावी लागेल. पाचांसाठी ती कदाचित मारता येईल, अकरांसाठी नाही.

पुढच्या अटी खर्चाच्या नाहीत. दाराला बाहेरून कडी-कुलूप नाही. मुलं असतात त्या खोलीत सिलिंडर नाही. बाळ कधी झोपलं, कधी उठलं, काय खाल्लं, पडलं-झडलं का, याची वही, जी आई रोज पाहू शकेल. औषध चिठ्ठीशिवाय नाही. आणि पालकांना न सांगता कधीही आत येण्याचा हक्क. ‘मुलं बिथरतात, दारातच थांबा’ असं जिथं सांगतात तिथून मूल काढून घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

चिरीमिरीचं काय? तीही खरी भीती आहे. म्हणून परवान्याला फी नको. ही सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 खाली अधिसूचित करून मुदत ठरवावी, त्या मुदतीत निर्णय झालाच पाहिजे. नकार दिला तर कारण लेखी द्यावं. तपासणीचा अहवाल अधिकाऱ्याच्या कपाटात न राहता पाळणाघराच्या दारावर आणि ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपरिषदेच्या फलकावर लागावा. जे सगळ्यांनी वाचलेलं आहे ते दाबून ठेवण्यासाठी कुणी पैसे देत नाही. तपासणीला फक्त एकात्मिक बालविकास सेवेच्या मुख्यसेविकेला जुंपू नये, तिच्याकडे आधीच वीस-पंचवीस अंगणवाड्या असतात. तिच्यासोबत एक आरोग्य सेविका आणि ज्यांचं मूल तिथं नाही अशी एक आई, अशा तिघींनी न कळवता वर्षातून दोनदा जावं. पहिल्या भेटीत त्रुटी निघाली तर दंड नको, ती दुरुस्त करायला मदत करावी. मुलाला इजा, खोटी वही किंवा ठरल्यापेक्षा जास्त मुलं आढळली तर मात्र गय नको.

एक आक्षेप मी शेवटी ठेवला, कारण तो उघडपणे फार कुणी मांडत नाही, पण कुजबुजत बरेच जण बोलतात. ‘आईनं घरी राहावं, मग पाळणाघरच नको.’ ज्यांच्या घरी एका पगारात भागतं त्यांनी हे स्वतःच्या घरापुरतं ठरवावं. गणपती कारखान्यात घासकाम करणारीला, वीटभट्टीवर विटा थापणारीला, आगारात तिकिटांचं यंत्र गळ्यात अडकवून उभी राहणारीला हे सांगण्याचा अधिकार कुणालाही नाही. तिच्या कष्टावर हा तालुका चालतो. तिच्या मुलाची जबाबदारी तिच्या एकटीची नाही.

आणि काकूंबद्दल. राष्ट्रीय पाळणाघर योजनेत 2017 पासून पाळणाघर सेविकेचं मानधन महिना तीन हजार रुपये आणि मदतनिसाचं दीड हजार होतं. पंचवीस मुलांमागे. यावरून या कामाला आपण काय किंमत देतो ते कळतं. परवाना मिळालेली बाई ‘नुसती पोरं सांभाळते’ अशी राहत नाही. तिचं काम कागदावर काम म्हणून येतं, ती त्याचा मोबदला मागू शकते, आणि बाराव्या मुलाला नाही म्हणू शकते. काकूंच्या काळजीपोटी परवान्याला विरोध करणाऱ्यांनी एकदा काकूंना बसवून विचारावं की विमा, मदतनीस आणि लेखी मर्यादा मिळाली तर नोंदणी कराल का.

महिला व बालविकास खातं आदिती तटकरे यांच्याकडे आहे आणि त्या याच जिल्ह्यातून निवडून आल्या आहेत. ज्या जिल्ह्यात खारघर घडलं त्याच जिल्ह्यात हा परवाना आधी लागू करून दाखवावा, अशी त्यांना उघड विनंती आहे. पेण आणि रोहा हे दोन तालुके त्यासाठी घ्यावेत.

तोवर आपल्या हातात आहे ते आपण करू. आपल्या गावात किती घरांत पाळणाघर चालतं आणि त्यांत किती मुलं आहेत, याची यादी करण्याचा ठराव येत्या ग्रामसभेत मांडा. नगरपरिषदेच्या हद्दीत राहत असाल तर नगरसेवकाला लेखी निवेदन द्या आणि पोच घ्या. आणि तुमचं मूल पाळणाघरात असेल तर उद्या दारात मूल देऊन वळू नका. आत जा, मुलं मोजा, मोठी माणसं मोजा, दाराची कडी पाहा.